फुग्यात वायू कोंडला, तरी काटा का उतरला?

रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही, हे बघायचा तुमचा प्रयोग असा: ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा, १०० मिली व्हिनेगर, बाटलीच्या तोंडाला घट्ट फुगा. तरी वजन १.३ ग्रॅमने घटलं आणि समीकरणात कुठेच सहगुणक (सूत्राच्या आधी लिहायचा रेणूंच्या संख्येचा अंक) नाही, म्हणून तेच चुकलं असावं अशी शंका.

समीकरण बरोबर आहे. सोड्याचा एक रेणू आणि अ‍ॅसिटिक आम्लाचा एक रेणू मिळून सोडियम अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा प्रत्येकी एक. ऑक्सिजन मोजा: डावीकडे ३ आणि २, उजवीकडे २, २ आणि १. दोन्हीकडे पाचच. वस्तुमानही जुळतं: ८४ + ६० = ८२ + ४४ + १८. सगळे सहगुणक १ असले की ते लिहीत नाहीत, इतकंच. धुण्याचा सोडा घेतलात तर मात्र आम्लाचे दोन रेणू लागतात. तो २ सूत्राच्या आधी लिहायचा. अणू जुळवायला सूत्राच्या आतले अंक बदलले की पदार्थच बदलतो. पाण्यात एक ऑक्सिजन वाढवला तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं!

मग १.३ ग्रॅम गेले कुठे? कुठेच नाही. ४.२ ग्रॅम सोड्यातून २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. थोडा द्रावणात विरघळतो, उरलेला फुग्यात सव्वा लिटरच्या आतबाहेर जागा घेतो. फुगा तेवढी हवा बाजूला सारतो आणि लिटरभर हवेचं वजन जवळपास १.२ ग्रॅम असतं. तेवढ्या प्लावक बलाने फुगा वर उचलला जातो, काटा कमी दाखवतो. खरी गळती असती तर घट दोन ग्रॅमकडे गेली असती. हा प्रयोग फुग्यानेच करायला सांगतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

आकारमान बदलणार नाही असं भांडं हवं. शीतपेयाची १ लिटरची प्लास्टिक बाटली घ्या, काचेची नको. १०० मिली व्हिनेगर, आणि सोडा १ ग्रॅमच. जास्त घातलात तर दाब उगाच वाढेल. सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून दोऱ्याने आत लोंबता ठेवा, दोऱ्याचं टोक झाकणात अडकवून झाकण पिळा आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या. बाटली कलती करून पुडी भिजवा, फेस बसला की बाहेरून कोरडी पुसून पुन्हा ठेवा. आकडा जवळपास तोच राहील. हलला तर आधी झाकणाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. दोरा जाड असेल तर तिथूनच वायू निसटतो.

आता झाकण सैल करा. फस्स झालं की ०.३ ते ०.४ ग्रॅम उतरतील. हिशेबाने ०.५२ हवेत, पण बराच कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बाटलीतच बसून राहतो.