मुख्य शेड्युलर नसेल तर कुठलं काम कुठल्या सर्व्हरवर जाणार हे ठरतं कसं?

हजारो सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनांच्या समूहात, एकच मुख्य शेड्युलर (कुठलं काम कुठल्या मशीनला द्यायचं ते ठरवणारा प्रोग्राम) नसेल, तर कामं वाटली कशी जातात आणि गोंधळ का होत नाही, असं तुम्ही विचारलंय. रत्नागिरीत घरून मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांत मोकळं मशीन शोधायचा नाद आधी सोडा. आम्ही तोच धरला होता. दहा शेड्युलर, प्रत्येकाकडे कुठल्या मशीनवर किती काम आहे याचा पाच सेकंदांपूर्वीचा तक्ता. एखादं मशीन रीस्टार्ट होऊन आलं की दहाही जणांना तेच रिकामं दिसायचं. सगळे तिथेच कामं ओतायचे आणि ते गुदमरायचं. शेजारची मशीनं निवांत.

त्यापेक्षा कुठलीही दोन मशीनं निवडा, त्यांनाच रांग विचारा आणि छोटी असेल तिथे काम द्या. डोळे मिटून एकच मशीन निवडण्यापेक्षा यात सर्वांत लांब रांग कितीतरी छोटी राहते, हे १९९०च्या दशकात गणिताने सिद्ध झालंय. तिसऱ्याला विचारून पडणारा फरक त्यामानाने किरकोळ.

पण रांगेची लांबी फसवते. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मोदकाच्या पिठीसाठी आमच्याकडे गिरणीवर झुंबड उडते. एका गिरणीत दोनच डबे, पण पुढच्यात दहा किलो भाजणी. दुसरीत सहा डबे, सगळे किलो-किलोचे. म्हणून आई दोन्हीकडे रिकामा डबा रांगेला लावायची. धुवून सावलीत वाळवलेले तांदूळ घरीच. जिथे नंबर आधी येईल तिथे ते न्यायचे आणि दुसरीकडचा डबा उचलून आणायचा.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली मांडलेला ‘स्पॅरो’ हा शेड्युलर नेमकं हेच करतो. शंभर तुकड्यांचं काम आलं की दोनशे मशीनांच्या रांगेत फक्त नंबर लावतो. ज्याचा नंबर येतो ते मशीन स्वतःहून तुकडा मागून घेतं. शंभर तुकडे संपले की उरलेल्यांना ‘काही नाही’ असं उत्तर मिळतं. शेड्युलर कितीही असोत, त्यांना एकमेकांशी बोलावंच लागत नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

मात्र हे सेकंदाच्या आत उरकणाऱ्या कामांसाठी. महिनोन्‌महिने चालणारी, भरपूर मेमरी अडवणारी सर्व्हिस असेल तर घाई नसते, जागा नीट निवडणं महत्त्वाचं असतं. तिथे कुबरनेटीस या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रणालीत असतो तसा, सगळा क्लस्टर पाहणारा शेड्युलरच बरा.

तुमची कामं साधारण किती वेळ चालतात ते कमेंटमध्ये लिहिलंत तर यातलं काय घ्यावं ते सांगतो.