अंड्याचे ट्रे राहू दे, आधी दाराची फट बघ

भावा, घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायचंय म्हणून अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायच्या भानगडीत पडू नकोस. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट त्याने तसूभर कमी होत नाही. मी तर थर्माकोल लावून बसलो होतो. पैसे गेले, वर आगीची भीती. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. म्हणून आधी दाराखाली रबरी पट्टी लाव.

खोलीतल्या खोलीत आवाज घुमतो, तो घुमारा मारायला मात्र आपल्या सोलापुरी चादरी झकास. लाकडी चौकट ठोक, चादरी दुहेरी करून चुण्या पाडून सोड, भिंतीपासून चार बोटं लांब. त्या पोकळीमुळे जरा खालचे स्वरही शोषले जातात. सगळ्यात जाड गोधडी तुझ्या पाठीमागे टांग, कारण माईकचं तोंड तिकडंच असतं. मग मधोमध उभा राहून टाळी वाजव. टणत्कार आला तर अजून एक चादर.

छत झाकलंस तरी पूर्ण कोंडू नकोस. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पंखा लावला तर माईकमध्ये घरघर. मी पहाटे पाचला गातो. आमच्या गल्लीतले माग तेव्हा बंद असतात.