आमचा किल्ला

प्रिय सई,

परवा सुट्टीतले फोटो बघताना तू सहज विचारलंस, "बाबा, हा किल्ला इंग्रजांनी बांधला ना? मग तू त्याला 'आमचा किल्ला' का म्हणतोस?" मी "आधी जेवून घे" म्हणून विषय टाळला. तेव्हापासून ते मनात सलतंय. समोरासमोर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

तुझं खरं आहे. मुंबई इंग्रजांच्या राजाला पोर्तुगिजांकडून आंदणात मिळाली. १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. पुढच्या काही वर्षांत, गव्हर्नर ऑन्जियरच्या काळात, शीवच्या टेकडीवर हा किल्ला झाला. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांची, अलीकडची मुंबई इंग्रजांची. शीव म्हणजे हद्दच. गावाची शीव म्हणतात ना, तीच.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. साष्टी त्याआधीच मराठ्यांकडे आली होती. म्हणजे या बुरुजावरचा शिपाई तेव्हा आपल्याच माणसांवर डोळा ठेवून उभा असणार. त्या धास्तीनं इंग्रजांनी दक्षिणेकडच्या मुंबईच्या कोटाभोवती खंदकही खणला. पुढे साष्टीही त्यांनीच घेतली, हद्द सरकली आणि शीवचा किल्ला रिकामा पडला.

लहानपणी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराज होते, ऑन्जियर नव्हता. माझ्यासाठी किल्ला म्हणजे रविवारची सकाळ. आजोबांची रात्रपाळी संपलेली असायची, तरी न झोपता ते आम्हाला टेकडीवर न्यायचे. आत्या, मी आणि तात्याकाका, जो तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. वर पोचलो की आजोबा उत्तरेकडे हात करायचे. "ती मिठागरं, ते ठाणं, आणि पार तिकडं वसई. आप्पांनी तिकडून धडक मारली." गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आम्ही इंग्रजांच्या भिंतीवर बसून मराठ्यांच्या बाजूनं लढायचो. आता कळतं, शिपाई जिकडे बघायचा तिकडेच आम्ही बघत होतो, फक्त आम्हाला पलीकडचे जिंकायला हवे होते.

दिवाळीत चाळीच्या जिन्याखाली किल्ला करायचो, तोही शीवचाच, कारण दुसरा कुठला जवळून पाहिलेलाच नव्हता. विटा, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वर मातीचा लेप, त्यात अळीव पेरायचे. आत्या नर्सिंग शिकायला लागली तेव्हा तिनं सलाइनची नळी आणली, तिचं कारंजं झालं. माथ्यावर महाराज, खाली मावळे. एका मावळ्याचा हात तुटला होता, त्याला आजोबांनी मेणानं काडी चिकटवून भाला दिला. इंग्रजांच्या किल्ल्यावर महाराज कसे, हे कुणालाच खटकलं नाही. तुला खटकलं असतं. ते मला आवडलं, आणि थोडं लागलंही.

'आमचा' म्हणण्याचा हक्क आहे का, याबद्दल माझीही खात्री नाही. मे महिन्यात आपण गेलो तेव्हा भिंतीवर कोरलेली नावं बघून तू थबकलीस. ती मराठीत होती. आमचा म्हणणाऱ्यांनीच ती कोरली. मला तुझ्याकडे बघवलं नाही.

तरीही माझ्या तोंडून 'आमचा'च निघतो. आजोबांचा हात ज्या दिशेला उठायचा ती दिशा मला तिथूनच दिसते, दुसरीकडून नाही.

यंदा गॅरेजमध्ये किल्ला करायचा विचार आहे. तुला करायचाच असेल तर कर, आणि शीवचाच हवा असंही नाही. माथ्यावर कोणाला बसवायचं ते तू ठरव, हवं तर ऑन्जियरलाही खाली दाराशी उभा करू. अळीव मात्र आठवडाभर आधी पेरावे लागतात, म्हणून शनिवारी पुडा घेऊन येतो.

तुझा,
बाबा