आवडता लेखक सांगायचाय? आधी एवढं करा

आपल्या वाचनाच्या ग्रुपमध्ये स्वागत. ‘माझा कुणी आवडता लेखक नाही’ याचं दडपण घेऊ नका, आणि यादी पाठ करून येऊही नका.

नवे लोक बहुधा नावाजलेल्या, जाडजूड कादंबरीला हात घालतात आणि पन्नासाव्या पानावर थांबतात. लहान पुस्तकाने सुरुवात करा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दोन-तीन बैठकांत होते. लोकलमध्ये ठाण्याहून सीट मिळाली तर आणखी लवकर. जी. ए. कुलकर्णी वाचायचे असतील तर ‘निळासावळा’ (१९५९) हा पहिला कथासंग्रह घ्या. ‘पिंगळावेळ’ नंतर. थेट तिथून सुरू करून जीएंना कायमचं सोडलेले बरेच भेटलेत.

प्रदर्शनात सवलत दिसली म्हणून अख्खा संच उचलू नका. ठाणे स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे, तिथे सभासद व्हा. एकाच लेखकाची निदान दोन पुस्तकं वाचा, मगच ‘आवडता’ म्हणा.

आणि बोलताना:
- ‘ओघवती भाषा’ नको. कुठला प्रसंग, कुठलं पात्र डोक्यातून जात नाही ते सांगा.
- रहस्यकथावाले बाबूराव अर्नाळकर आवडतात? बिनधास्त सांगा. नाक मुरडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तेच चोरून वाचलेत (असा माझा संशय).
- शेवट फोडू नका.

समीक्षा, आवृत्त्यांमधले फरक, अनुवादांची तुलना हे सगळं सध्या राहू दे. पहिल्या बैठकीला एकच पुस्तक घेऊन या, आवडलेल्या पानात बसचं तिकीट खोचून.