पहिली सही कोणाची?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून न्यायाधीन बंदी आहे, म्हणजे खटला निकाली न निघताच तुरुंगात आहे. बराकीतल्या लोकांनी मिळून एक अर्ज करायचं ठरवलंय. रात्रभर दिवे डोळ्यांवर जळतात आणि डॉक्टर महिनोन्‌महिने फिरकत नाहीत, एवढंच म्हणणं आहे. भावाचं अक्षर चांगलं, म्हणून लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. मुलाखतीत त्यानं हे सांगितल्यापासून मला झोप नाही. आई म्हणते, ‘त्याला सांग, पुढे पुढे करू नकोस.’ मी काय सांगू?
— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमच्या आईची भीती खरी आहे, हे आधी कबूल करते. मोफत विधी सेवेच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी बरीच वर्षं तुरुंगात जात होते. एकदा असाच एक अर्ज मी अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. अकरा सह्या, त्यातले चार अंगठे. साहेबांची नजर मजकुरावरून घसरत थेट खाली गेली. ‘यातली पहिली सही कोणाची?’ एवढंच त्यांनी विचारलं. पंधरा दिवसांत पहिल्या सहीवाल्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, घरच्यांना गाठायला एक रात्र लागेल इतक्या लांब.

पुढच्या अर्जावर त्या लोकांनी मधे मजकूर लिहिला आणि भोवती बांगडीसारख्या गोल सह्या केल्या. पहिली कुठली, शेवटची कुठली, शोधत बसा! ही युक्ती मी त्यांना शिकवली असं लोकांना वाटतं. त्यांनी ती मला शिकवली.

तेव्हा भावाला ‘लिहू नकोस’ म्हणू नका, पण त्यानं एकट्यानं पुढे व्हावं असंही नाही. एकत्र अर्ज म्हणजे बंड नव्हे. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना एक पत्र लिहिलं होतं. स्वतःसाठी नाही, नातेवाइकांकडून पैसे उकळावेत म्हणून वॉर्डरनं छळलेल्या दुसऱ्याच एका कैद्यासाठी. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. १९७९च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या आणि त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांच्या आदेशाखाली असाव्यात, असं बजावलं. कैद्यांनी आपली गाऱ्हाणी मांडायला भित्तिपत्रक चालवावं, हीसुद्धा सूचना त्यात आहे. असं भित्तिपत्रक मी तरी कुठे पाहिलं नाही.

कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांतला ५६वा नियम तुमच्याच कामाचा आहे. तक्रारीच्या मजकुराला कात्री लावता येत नाही. कैद्याला किंवा त्याच्या वकिलाला शक्य नसेल, तर घरचं माणूस ती करू शकतं. म्हणजे तुम्ही. तक्रार केली म्हणून सूड उगवू नये, हे ५७वा नियम सांगतो. हे नियम म्हणजे आपल्याकडचा कायदा नव्हे, पण अर्जात त्यांचा आकडा दिसला की साहेब जरा सावरून बसतात, हा माझा अनुभव.

अर्जात विशेषणं नकोत. ‘अमानुष’, ‘क्रूर’ हे शब्द काढून टाकायला सांगा. दिवे किती वाजेपर्यंत चालू असतात, डॉक्टर शेवटचे कोणत्या तारखेला आले, कोणाचं कोणतं औषध किती दिवस थांबलंय, एवढं पुरे. आणि ‘संघटना’, ‘अध्यक्ष’ हेही शब्द नकोत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कैद्यांनी युनियन काढली होती, दोनेक हजार सभासद जमले होते. सभासद गोळा करायला आणि बैठका घ्यायला तुरुंग प्रशासन बंदी घालू शकतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली ठरवलं. अर्ज करणाऱ्याला अडवणं अवघड जातं, अध्यक्षाला अडवणं फार सोपं.

एक प्रत बाहेर तुमच्याकडे हवी. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या आणि पोच घ्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : ज्यांनी दुसऱ्याचे हक्क पायदळी तुडवले, त्यांनीच हक्कांसाठी एकत्र यायचं? सुधारणा करायला अधिकारी, न्यायाधीश, समाजसेवक आहेत ना?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, भारतातल्या तुरुंगांत दर चारांपैकी जवळपास तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. पण हे उत्तर पळवाटेचं झालं. समजा, सगळेच दोषी आहेत.

मी पाहणीला जायची, तेव्हा तारीख आधी कळवलेली असे आणि भिंतींना ताज्या चुन्याचा वास येत असे. त्या भेटीत मला काय दिसणार? पावसात कुठल्या कोपऱ्यात गळतं, रात्री हाक मारली तर किती वेळानं कोण येतं, हे आत झोपणाऱ्यालाच माहीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगातल्या कैद्यांनी १९७१च्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांना सत्तावीस मागण्यांचं पत्र पाठवलं होतं. तेव्हा तिथे आठवड्याला एक अंघोळ आणि महिन्याला शौचालयाच्या कागदाचा एक रोल मिळे. पत्रातून काही हाती आलं नाही. सप्टेंबरमध्ये उठाव झाला, ओलीस धरले गेले आणि पाचव्या दिवशी सरकारनं गोळीबार करून तुरुंग परत घेतला. एकूण त्रेचाळीस माणसं मेली. ओलिसांचे गळे कैद्यांनी चिरले, असं आधी सांगण्यात आलं. शवविच्छेदनात गोळ्या निघाल्या, आणि बंदुका फक्त बाहेरच्यांकडे होत्या. कैद्यांचे हातही स्वच्छ नव्हते. एक पहारेकरी त्यांच्या मारहाणीनं गेला, तिघा सहकैद्यांना त्यांनीच मारलं. हे मी लपवत नाही. माझं लक्ष मात्र त्या उन्हाळ्यातल्या पत्राकडे जातं. ते उठावाच्या दोन महिने आधी आलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा मागण्यांना पैसेही फारसे लागले नसते.

प्रश्न : कैद्यांच्या उपोषणानं खरंच काही मिळतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : कधी प्राण जातात. क्रांतिकारक जतीन दास १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्टाव्या दिवशी गेले. राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा, ही मागणी होती.

कधी मिळतं, पण उलट्या क्रमानं. कॅलिफोर्नियातल्या पेलिकन बे तुरुंगात काही जण दशकाहून अधिक काळ खिडकी नसलेल्या एकांतकोठडीत होते. एकमेकांचे हाडवैरी मानले गेलेले, वेगवेगळ्या वंशांचे हे लोक दाराआडून बोलत एकत्र आले. २०११च्या त्यांच्या उपोषणाच्या मागण्यांत एकांतवास संपवा ही होतीच. शिवाय भिंतीवर लावायला कॅलेंडर, लोकरी टोपी, आठवड्याला एक फोन आणि घरी पाठवायला वर्षाला एक फोटो हेही होतं. पुढच्या वर्षी त्यांनी आपापल्या टोळ्यांना आपसातली भांडणं थांबवायचं लेखी आवाहन केलं. २०१३च्या जुलैत राज्यभरातल्या सुमारे तीस हजार कैद्यांनी जेवण नाकारलं. टोप्या आणि कॅलेंडरं २०११च्या उपोषणानंतर मिळाली होती. नुसत्या टोळीच्या शिक्क्यावरून बेमुदत एकांतकोठडीत डांबणं थांबलं ते २०१५ साली, तेही खटल्यातल्या तडजोडीनं.

(पहिल्या पत्रातल्या ताईंसाठी एक राहिलं. अर्ज आत दिल्यावर लगेचची मुलाखत चुकवू नका. भाऊ त्याच बराकीत आहे का, हे विचारा आणि त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.)