लॅबमध्ये एकटीच आहे, विचारू कुणाला?

प्रश्न: मी घणसोलीला राहते. मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजातून ठाणे खाडीतल्या खेकड्यांवर पीएचडी करतेय, दुसरं वर्ष आहे. लॅबमध्ये मी एकटीच. गाईड मॅडम खूप चांगल्या आहेत, पण त्यांचा विषय मासे. मैत्रिणी म्हणतात, रिसर्चगेट, ऑर्किड, झोटेरो, अशा संशोधकांच्या साइट्सवर सगळीकडे खाती उघड. आई म्हणते, दिवसभर मोबाईलच बघतेस. मला भीती वाटते, माझा डेटा कुणी उचलला तर? सुरुवात कुठून करू? अडलं की विचारायला कुणी नाही.

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. "अडलं की विचारायला कुणी नाही" हे तू शेवटी ओझरतं लिहिलंयस, पण खरं दुखणं तेच आहे. तुझ्या खेकड्यांत तुझ्याइतकाच जीव असलेली चार माणसं तुला हवीत. ती आहेत, आणि बहुतेक विचारल्यावर उत्तरही देतात.

तुझ्याच विषयातली एक गोष्ट सांगते. एक नांगी अवाढव्य असलेले ते चिखलातले छोटे खेकडे तुझ्या यादीत असणारच. जुन्या पुस्तकांत ते सगळे 'उका' या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात सापडतात. २०१६ साली त्याची फोड होऊन अनेक जीनस झाले आणि 'उका ॲन्युलिपेस' आता 'ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस' म्हणून ओळखला जातो. कपाटातल्या जुन्या पुस्तकावर विसंबून प्रबंध लिहिलास तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न तिथेच येईल. अशी गोष्ट या विषयात रोज वावरणारा माणूस एका ओळीत सांगून टाकतो.

म्हणून पहिलं खातं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर उघड. फोटो आणि जागा टाकली की जगभरातले जाणकार ओळख सुचवतात. ओळख पक्की झालेल्या नोंदी, परवाना तसा दिलेला असेल तर, पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता डेटाबेसमध्ये जातात. २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर फिरणाऱ्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या मंडळींच्या नोंदीही तिथे सापडतील. त्यांच्या एखाद्या किनाराफेरीला जा. ऑनलाइन ओळख चिखलात पाय घालून पक्की होते, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलंय. फोर्टमधल्या बीएनएचएसमध्येही (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) एक दिवस काढ. १८८३ पासूनची संस्था आहे, नमुन्यांचा संग्रह तुझ्या लोकलच्या अंतरावर आहे.

आता विचारायचं कसं, कारण इथेच मुलं कमी पडतात. वरून काढलेला एक धूसर फोटो आणि खाली "सर, प्लीज ओळखा". याला उत्तर कोण देणार? मोठ्या नांगीची बाहेरची बाजू, आतली बाजू, दोन डोळ्यांच्या देठांमधली जागा दिसेल असा समोरून एक, असे फोटो घे, शेजारी फुटपट्टी ठेवून. चिखल होता की वाळू, ओहोटी किती वाजताची, हे लिही. आणि तुला स्वतःला काय वाटतं, कशावरून वाटतं, हे आधी सांग. तुझा अंदाज चुकला तरी चालेल. अंदाज बांधलेला दिसला की समोरचा मन लावून वाचतो. एखाद्या शोधनिबंधाच्या लेखकाला थेट मेल करतानाही हेच: त्यांचा निबंध खरंच वाच, त्यातल्या एका आकृतीवर एकच प्रश्न विचार, मेल दहा ओळींत संपव.

डेटाची भीती रास्त आहे, तिला हसण्यावारी नेणार नाही. काय उघड करायचं आणि काय नाही, हे आधी मॅडमशी बसून ठरव. निबंधावर कुणाची नावं कोणत्या क्रमानं येणार, हेही त्याच बैठकीत. अवघडल्यासारखं होईल, पण नंतरच्या कटुतेपेक्षा परवडलं. आयनॅचरलिस्टवर नेमकी जागा धूसर ठेवता येते. मोजमापांचे तक्ते निबंध तयार होईपर्यंत स्वतःकडेच ठेव. निबंध झाला की बायोआर्काइव्ह या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीचा निबंध, टाकलास तर त्यावर तारीख आणि डीओआय हा कायमचा क्रमांक लागतो, काम तुझं असल्याचा तो उघड पुरावा. फक्त लक्षात ठेव, तिथे चढवलेलं पुन्हा पुसता येत नाही, आणि ज्या जर्नलला पाठवणार त्यांचा प्रीप्रिंटबद्दलचा नियम आधी बघ.

ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, मात्र आजच काढ. फुकट आहे, पाच मिनिटांत होतं. गेल्या वर्षी माझ्यासमोर एक मुलगी मुलाखतीची तयारी करायला बसली होती. तिचे तीन निबंध, तीन नावांनी: एकावर आडनाव आधी, एकावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, एकावर सासरचं आडनाव. त्या तिघी एकच, हे कागदांवरून कुणाला कळणार? आपल्याकडे हे घरोघरी होतं. सोळा आकड्यांचा तो क्रमांक नाव बदललं तरी बदलत नाही, आणि तुझं सगळं काम एका जागी दिसतं.

झोटेरो संदर्भ सांभाळायला घे. त्यात ग्रुप करून मॅडमना जोडलंस तर तू काय वाचतेस हे त्यांना दिसेल, तुमच्या भेटी नेमक्या होतील. रिसर्चगेट, म्हणजे संशोधकांनी आपले निबंध वाटून घ्यायची साइट, थांबू दे. तिथे पुढे गेलीस तरी प्रकाशकाची पीडीएफ हक्क न तपासता चढवू नकोस. याच कारणावरून २०१७ साली दोन मोठे प्रकाशक रिसर्चगेटविरुद्ध कोर्टात गेले होते.

करिअरचं म्हणशील तर, २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असण्याची सक्ती राहिलेली नाही. पण प्राध्यापकीच्या किंवा पोस्टडॉकच्या मुलाखतीत छापलेलं काम विचारतातच, आणि शिफारसपत्र द्यायला तुझं काम ओळखणारं कॉलेजबाहेरचं माणूस लागतं. ते आत्तापासून जोडायला घे.

आईला एकदा शेजारी बसवून तुझ्या खेकड्याच्या फोटोखाली आलेली उत्तरं वाचून दाखव. येत्या उधाणाच्या ओहोटीला खाडीवर जाताना फुटपट्टी विसरू नकोस. मॅडमशी बोलणं झालं की पहिल्या मेलचा मसुदा मला पाठव, खुणा करून परत देईन.