जलसुरक्षकाचं काम म्हणजे नुसतं मोटर चालू करणं आणि वॉल्व सोडणं का?

तुम्ही ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून लागताय आणि विचारताय की मोटर आणि वॉल्व यापलीकडे काही असतं का. मी हे काम बरीच वर्षं करतोय. सुरुवातीला मलाही तेवढंच वाटायचं.

खरं काम टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं. 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम, म्हणजे आमच्या 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. पण पावडर थेट टाकीत ओतायची नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. त्यानंतर अर्धा तास थांबायचं, लोक नळावर हंडे वाजवत असले तरी. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं. गोणीचं तोंड उघडं राहिलं की ते उडत जातं आणि शेवटी हाती नुसता चुना राहतो.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात थेंब टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन बघायची तपासणी, टाकीखाली करून वहीत लिहू नका. तिथं पिवळा रंग येणारच. शेवटच्या नळाला करा, तिथं लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवं. (तपासलेलं पाणी ओतून टाका, कुणाला पिऊ देऊ नका.)

एका पावसाळ्यात टाकीखाली रंग झकास येत होता, आणि खालच्या आळीच्या शेवटच्या नळाला काहीच नाही. डोस वाढवला, तरी तेच. मग लाइन धरून चालत गेलो. गटार ओलांडते तिथं पाइपचा जोड सुटला होता. पाणी चालू असताना बाहेर गळायचं. बंद झालं की गटाराचं पाणी त्याच फटीतून आत जायचं आणि उरलंसुरलं क्लोरीन त्यातच संपायचं. चूक माझीच. महिनाभर मी त्या नळाकडे फिरकलोच नव्हतो.

बाकी टाकी धुऊन तारीख तिच्यावरच रंगवणं, वॉल्वच्या चेंबरमधलं पाणी उपसणं, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या गावाच्या पाण्याच्या तपासणीला वही तयार ठेवणं हे आलंच. त्यात लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा शेरा, मिळालं की सगळे तुमच्याकडेच बघतात.

आणि हो, ‘पाण्याला औषधाचा वास येतो, कमी टाक’ असं एखादी आजी रोज म्हणेल. ‘बरं आजी’ म्हणायचं आणि मापाने जेवढी येते तेवढीच टाकायची.